धाडच्या लग्नातली बावीस मिनिटं

उंद्रीचा संघपाल हिवाळे एका जागी बसणारा माणूस नव्हेच. चहा तो उभ्यानं पितो, फोनवर बोलताना अंगणात फेऱ्या मारतो आणि विहारात वंदनेला बसला तरी दाराजवळची जागा धरतो. त्याच्या पायाला भिंगरी आहे असं सगळा गाव म्हणायचा. पण कॅमेरा डोळ्याला लागला की हाच माणूस खांबासारखा उभा राहायचा. दोन-दोन तास पाय हलायचा नाही. लग्नं, शाळांची गॅदरिंगं, धम्माचे कार्यक्रम, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, जे मिळेल ते त्यानं चौदा वर्षं केलं. चिखली, अमडापूर, धाड, सगळीकडं लोक त्याला बोलवायचे. त्याच्या शूटिंगमध्ये झगमगाट नसायचा. पण कार्यक्रम पहिल्यापासून शेवटापर्यंत सापडायचा, आणि लोकांना तेवढं पुरे होतं.

ही गोष्ट २०१४ सालची. तोवर त्याच्याकडं टेपचाच कॅमेरा होता. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी टेप, तासाभराची. शूटिंग झालं की घरी येऊन ती कॉम्प्युटरला लावायची, तासाची टेप तासभर चालवून उतरवून घ्यायची. बाकीचे एकेक करून मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्याकडं वळले होते. खामगावच्या दुकानदारानं आदल्या दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "हिवाळे, आता टेप मागू नका. कंपनीच पाठवून नाई राह्यली." तेव्हापासून संघपाल जुन्याच टेपा पुसून परत परत वापरत होता. कॅमेरा चालतोय ना, मग चालू द्या, असं त्याचं होतं.

एप्रिलच्या शेवटी धाडला नारायणराव सोनुने यांच्या मोठ्या मुलीचं, योगिनीचं लग्न होतं. नारायणराव भाजीपाल्याचे शेतकरी. वांगी, टमाटे, कोथिंबीर, बाराही महिने काही ना काही बाजारात. माणूस कष्टाळू, सगळ्यांना हवासा, पण बोलताना अडखळायचे. लहानपणापासूनच. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं, मानेची शीर ताणली जायची आणि ऐकणारा नकळत खाली बघायला लागायचा. म्हणून ते बोलायचेच कमी. बाजारात भावाचं बोलणं बायको मंजुळाबाई करायच्या, आणि फोन तर ते कधी हातातच घ्यायचे नाहीत.

लग्न शाळेच्या पटांगणात होतं. अंतरपाट धरला, भटजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली, मुलाच्या मामानं एक म्हटलं आणि मग कुणाला काही कळायच्या आत नारायणरावांनी माईक हातात घेतला. मांडवात एकदम शांतता पसरली. ती भीतीची शांतता होती. मंजुळाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. धाकटी मुलगी अर्पिता दोन पावलं पुढं सरकली, वेळ आलीच तर बापाच्या हातून माईक घ्यायला.

आणि नारायणराव गायला लागले. स्वतः जुळवलेली पाच कडवी. त्यात शेतातली विहीर होती, योगिनीनं सहा वर्षांची असताना लावलेला मिरचीचा वाफा होता, तिच्या आईचे पहाटेपासून राबणारे हात होते. पहिल्या शब्दापासून शेवटच्या 'मंगलम्'पर्यंत एक अक्षर अडलं नाही. बँडवाले वाद्यं खाली ठेवून ऐकत होते. अंतरपाटामागं नवरी हुंदके देत होती. संघपालच्या डोळ्यातही पाणी आलं, पण त्यानं हात हलू दिला नाही. छोट्या पडद्यावर नारायणरावांचा चेहरा लख्ख दिसत होता. आपण आज काहीतरी पकडलं, असं त्याला वाटलं. चौदा वर्षांत असं फार थोड्या वेळा वाटलं होतं.

चार दिवसांनी त्यानं टेपा उतरवायला घेतल्या. पहिली ठीक. दुसरी लावली, वरात आली, सीमांतपूजन झालं, अंतरपाट धरला गेला आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. मग निळा पडदा. त्याला वाटलं केबल सैल आहे. केबल काढून लावली. टेप मागं घेतली, पुन्हा चालवली. निळा पडदा. बावीस मिनिटं निळा पडदा, आणि नंतर एकदम जेवणाची पंगत. जिलबी वाढणारे हात अगदी स्वच्छ दिसत होते.

झालं होतं ते साधंच. ती टेप चौथ्यांदा पुसून वापरलेली होती. तिची झीज कॅमेऱ्यातल्या हेडवर, म्हणजे टेपवर चित्र उमटवणाऱ्या भागावर बसली आणि तेवढा वेळ टेपवर काही उमटलंच नाही. शूटिंग करताना डोळ्यासमोर जे दिसतं ते भिंगातून येणारं असतं. टेपवर काय जातंय हे त्यात कळत नाही. एवढी गोष्ट त्याला माहीत होती. तरी चौथ्यांदा वापरली.

त्यानं हेड साफ केलं. चिखलीला जाऊन दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात टेप लावून पाहिली. काही नाही.

आठवड्यानं अर्पिताचा फोन आला. "दादा, सीडी कधी देता? ताई सासरहून इचारून राह्यली."

"एडिटिंग सुरू हाय," संघपाल म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या, की त्याच्या आई जनकाबाई ओसरीवरून म्हणाल्या, "बापू, माह्याच डोक्याले चक्कर येऊन राह्यली. बस ना जरा."

तो बसला नाही. त्या दिवसापासून त्यानं नवीन कॅमेऱ्याचा शोध सुरू केला.

एक वही घेतली. टेप नको, हे पहिल्या पानावर लिहिलं. एक लाख दहा हजारांच्या वर जायचं नाही, हे त्याच्या खाली. मग रोज संध्याकाळी मोटारसायकल काढून तो कुठं ना कुठं जायचा. कुणाकडं नवीन कॅमेरा आलाय असं कळलं, की तिथं हजर. कॅफेत बसून इंटरनेटवर व्हिडिओ बघायचा. एका व्हिडिओत एक कॅमेरा सगळ्यात चांगला असायचा, दुसऱ्यात तोच सगळ्यात वाईट.

वही भरत गेली. खांद्यावरचा मोठा कॅमेरा, कार्डाचा. मांडवात घेऊन उभं राहिलं की लोक वाट देतात. नवरदेवाकडचे म्हणतात, चांगला शूटिंगवाला आणलाय. पण कुणी म्हणे, आत सगळा छोटाच कॅमेरा असतो, वरून नुसतं खोकं. दुसरा होता आत हार्डडिस्क असलेला. कार्ड बदलायची भानगड नाही, चाळीस तास चालतो. पण तो एकदा हातातून पडला तर? चाळीस तासच जातील. आणि तिसरा, फोटोचा कॅमेरा, ज्याच्यात व्हिडिओही होतो. तरुण पोरं सगळी त्याच्यावरच होती. चिखलीच्या गोपालनं तसाच घेतला होता.

गोपाल त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण मनानं मोकळा. त्यानं संघपालला आपला कॅमेरा दाखवला. नवरीच्या चेहऱ्यामागचं सगळं धूसर, दिव्यांचे मोठाले गोल, जणू सिनेमाच.

"पाह्य भाऊ," गोपाल म्हणाला, "आता लोकायले हेच पायजे. तुमचं ते पहिल्यापासून शेवटापर्यंत कोन पाहते?"

"आवाज कसा येते?"

"आवाजावर गाणं टाकतो मी. कोनाले ऐका लागते भटजीचं?"

आवाजावर गाणं, एवढं संघपालनं वहीत टिपलं. पण चित्र त्याला फार आवडलं. वहीत त्यानं त्या कॅमेऱ्याखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी खोडल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा मारल्या.

तीस जूनला अमडापूरजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ होता. गोपालनं एका दिवसासाठी आपला कॅमेरा संघपालला वापरायला दिला. संघपालनं शेजारी स्टँडवर आपला टेपचाही लावून ठेवला, कुठून तरी मिळवलेली शेवटची कोरी टेप घालून. मुख्याध्यापक बोलायला उठले. बारा मिनिटांनी गोपालचा कॅमेरा आपोआप थांबला. ना आवाज, ना दिवा. तो तसाच थांबत होता, दर बारा मिनिटांनी पुन्हा बटण दाबायचं असतं, हे गोपाल सांगायला विसरला होता. गोपालला सवय होती, तो दोन-दोन मिनिटांचे तुकडेच घ्यायचा. संघपालचं लक्ष गेलं तेव्हा मुख्याध्यापक आपल्या पहिल्या नोकरीच्या गावाची गोष्ट सांगून संपवत होते. टेप चालत होती म्हणून ते भाषण वाचलं. पण घरी आल्यावर संघपालनं वहीतल्या त्या दोन रेघा पुन्हा खोडल्या.

इकडं धाडचे फोन वाढले होते. लाईट नव्हती, कॉम्प्युटर फॉरमॅट मारावा लागला, कव्हरची छपाई अडकली. एकेक कारण तो देत होता आणि प्रत्येक कारण दिलं की दुसऱ्या दिवशी अजून लांबचं दुकान गाठत होता. अकोल्याला जाऊन आला. जळगावला जाऊन आला. जळगावच्या दुकानात कॅमेरा हातात घेतला, सगळं पटलं, आणि "उद्या फोन करतो" म्हणून बाहेर पडला. केला नाही.

त्याची बायको महामाया जवळच्या उपकेंद्रात परिचारिका होती. ती हे सगळं दोन महिने बघत होती. एक दिवस ड्यूटीवरून आली, तर संघपाल ओसरीत वही उघडी टाकून उभा. कार्ड किती वेगाचं लागतं याचा तक्ता त्यानं तीन रंगांच्या पेनांनी केला होता.

तिनं वही बंद केली. "एक इचारू? तुम्ही कॅमेरा पाहून राह्यले, का धाडच्या लोकायपासून पळून राह्यले?"

"नवीन कॅमेरा आल्याशिवाय त्यायले तोंड कसं दाखवू?"

"नवीन कॅमेऱ्यात जुनं लग्न येनार हाय का?"

तो फेऱ्या मारायला लागला. ती दारात आडवी उभी राहिली. "आमच्याकडे कोनाचा रिपोर्ट वाईट आला ना, तर त्याच दिवशी सांगा लागते. लोक शिव्या देतात. मलेच देतात, जशी काही म्याच बिमारी आणली. पन त्यायच्या हातात काही करायले वेळ राह्यते. तुम्ही तर त्यायचा वेळही ठेवून घेतला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो धाडला निघाला. मोटारसायकल मुद्दाम घेतली नाही. मोटारसायकल असती तर त्यानं अर्ध्यातून वळवली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चिखलीला गाडी बदलली. खिडकीशी जागा मिळाली तरी तो दारापाशीच उभा राहिला.

सोनुन्यांच्या घरी अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधणं चालू होतं. नारायणराव, मंजुळाबाई, अर्पिता आणि शेजारच्या शालूबाई गोल करून बसले होते. त्याला बघून अर्पिता उठलीच. "आणली का दादा सीडी?"

संघपालनं उभ्यानंच सगळं सांगितलं. चौथ्यांदा पुसलेली टेप, निळा पडदा, बावीस मिनिटं. लाईट गेली नव्हती, कॉम्प्युटर बिघडला नव्हता, दोन महिने आपण नुसता नवा कॅमेरा शोधत फिरतोय, हेही सांगितलं. बोलताना तो एकदाही इकडून तिकडं हलला नाही.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग अर्पितानं विचारलं, "बावीस मिनिटं म्हंजे कोनती?"

"अंतरपाटापासून. काकांचं मंगलाष्टक सगळं."

मंजुळाबाईंच्या हातातली जुडी सुटली. "अरे, माणूस साठ वर्षांत एकदा बोलला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण संघपालला तो चढलेला असता तर बरं वाटलं असतं. "चार मान्सायत उभं राहून एकदाच बोलला. अन् तू ते पुसकी टेप लावून घेतलं? पैसे कमी देल्ले होते का आम्ही?"

"नाही काकू."

अर्पिता काहीतरी आठवून आत धावली, मोबाईल घेऊन आली, करिष्माला फोन लावला. करिष्मा तिची मैत्रीण, लग्नात सगळ्यांत पुढं मोबाईल धरून उभी होती. दोन मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवताना अर्पिताचा चेहरा उतरला होता.

"दादा, करिष्माकडे पुरं होतं. पाचही कडवी. मेमरी भरली म्हणून पंधरा दिवसांमागं डिलीट केलं तिनं." ती पुन्हा जुड्यांपाशी बसली. "तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं, तर असतं."

संघपालला टेपचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. टेप यंत्रानं खाल्ली होती. हे मात्र सरळ त्यानं स्वतः, तोंडानं, फोनवर, एकेक कारण देऊन घालवलं होतं.

नारायणरावांनी या सगळ्यात मान वर केली नाही. जुड्या बांधत राहिले. हाताखालचा ढीग संपला तशी पोती उचलून ते मागच्या दारानं शेताकडं निघून गेले. शालूबाईंनी संघपालला पाणी दिलं. त्यानं ते घेतलं आणि तो निघाला. जाताना म्हणाला, की नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये काही उरलं असेल तर मी गावोगाव जाऊन आणतो. मंजुळाबाई म्हणाल्या, "आता तू जाय, बाप्पा."

पुढचे आठ दिवस त्यानं तेच केलं. योगिनीच्या सासरी, जाफराबादकडं, मामाकडं, बँडवाल्याकडं. सोळा मोबाईल पाहिले. दोघांकडं थोडं थोडं सापडलं. एकात सव्वा मिनिट, त्यात कडेवरचं लेकरू रडतंय. दुसऱ्यात चाळीस सेकंद, आणि चित्रात नुसत्या चपला, पण आवाज बरा. मिळून पहिलं कडवं आणि शेवटच्या दोन ओळी झाल्या.

तो बँडवाल्याच्या घरून परत येत होता तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडं नुसता श्वास. आता कोण त्रास देतंय म्हणून तो ठेवणार, तेवढ्यात आवाज आला.

"स-स-संघपाल."

तो रस्त्याच्या कडेला थांबला. नारायणराव फोनवर बोलत होते.

"खा-खामगावले क-कधी जातो? कॅ-कॅमेऱ्याले?"

"काका... तुम्ही म्हनसान तवा."

"शु-शुक्रवारी. म-मी येतो."

शुक्रवारी नारायणराव धुतलेलं धोतर, पांढरा सदरा घालून उंद्रीच्या स्टँडवर उतरले. खामगावच्या गाडीत दोघं शेजारी बसले. संघपालनं दोघांची तिकिटं काढली. शेवटी त्यानं विचारलंच, "काका, तुम्ही काऊन येऊन राह्यले? माह्यावर तर राग पायजे."

"हाये," नारायणराव म्हणाले. मग पुढचं वाक्य जुळायला त्यांना वेळ लागला. "प-पन अर्पिता म्हने, तू दोन म-महिन्यापासून पाहूनच राह्यला. ए-एकटा गेला तर दि-दिवाळीपर्यंत पाहूनच राहशीन." थोड्या वेळानं ते आणखी म्हणाले, "बी घ्यायले मी ज-जातो ना, तवा एकच इ-इचारतो. उगवलं न-नाही तर काय?"

पहिल्या दुकानात पोरसवदा विक्रेत्यानं खांद्यावरचा मोठा कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि आकडे सांगायला सुरुवात केली. नारायणरावांनी हात वर केला. विक्रेता थांबला. "या-याच्यातलं पु-पुसलं जाते का?"

"काका, हे डिजिटल आहे. याच्यात काहीच जात नाही."

नारायणराव उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "का-काहीच जात नाही म्हनते. ख-खोटं बोलते."

दुसऱ्या दुकानातही तेच झालं. तिथला मालक तर त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत स्वतःच ते पूर्ण करून उत्तर देऊन मोकळा झाला. नारायणराव तिथंही थांबले नाहीत. संघपालनं बाहेरून एकदा काचेतून आत पाहिलं. त्या दुकानातला हार्डडिस्कचा कॅमेरा वहीत पहिल्या तिघांत होता.

तिसरं दुकान जुन्या बाजाराच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. ते सुचिता नावाची चाळिशीची बाई चालवायची. कॅमेरे विकायची आणि दुरुस्तही स्वतः करायची. तिच्या टेबलावर एक खांद्यावरचा कॅमेरा उघडा पडला होता. संघपालनं आत पाहिलं. वहीत लिहिलेलं खरं होतं. पुढं छोटासा कॅमेरा, आणि मागं निम्मं खोकं रिकामं.

नारायणरावांनी आपला प्रश्न विचारला. अर्ध्यावर अडकले. सुचिता हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवून थांबून राहिली, त्यांचं पूर्ण होईपर्यंत.

"जाते ना काका," ती म्हणाली. "काऊन नाई जात? कार्ड खराब होते, कोनी चुकून पुसून टाकते, खिशातून पडते. टेपपेक्षा लवकर जाते कधी कधी."

नारायणराव खुर्चीवर बसले.

"मंग क-काय करा लागते?"

सुचितानं मागच्या कपाटातून एक कॅमेरा काढला. हातात धरायचा, ना फार मोठा ना छोटा. रंग उडालेला, वर्षभर वापरलेला. तिनं बाजूचं झाकण उघडलं. आत दोन खाचा होत्या. "दोन कार्डं टाकायची. एकाच वेळी दोन्हीवर जाते. एक खराब झालं तर दुसरं हाय. घरी गेल्यावर एक कॉम्प्युटरमध्ये, एक डब्यात. जोवर पार्टीनं सगळं पाहून हो म्हटलं नाही, तोवर डब्यातलं पुसायचं नाही. अन् इथं आवाजाच्या दोन वायरी लागतात. एक कॅमेऱ्यावरच्या माईकची, एक थेट मांडवातल्या साउंडवाल्याकडून. कानाला हेडफोन लावा, म्हणजे जे रेकॉर्ड होऊन राह्यलं तेच ऐकू येते."

"मागचं धूसर होते का याच्यात? गोपालच्या कॅमेऱ्यासारखं?" संघपालनं विचारलं. त्याच्यानं राहवलं नाही.

"नाई होत. अंधारातही त्याच्याइतकं चांगलं नाई दिसत. ते पायजे असन तर हा घेऊ नका."

तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. ते दिव्यांचे मोठाले गोल त्याच्या डोळ्यासमोरून जात नव्हते. मोठा कॅमेरा पाहून वाट देणारे लोकही जात नव्हते. हा कॅमेरा घेऊन मांडवात उभं राहिलं तर नवरदेवाकडचे हमखास म्हणतील, घरचाच कुणी पोरगा शूटिंग करतोय वाटतं.

"लावून पाहा," सुचिता म्हणाली. तिनं कार्डं टाकली, माईक लावला, हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. "काका, बोला काहीतरी."

नारायणरावांनी मागं पाहिलं, जसं काही दुसऱ्या कुणाला सांगितलं आहे. मग माईककडं पाहिलं.

"म-माझं नाव ना-ना-नारायण प-परशराम सोनुने. रा-राहनार धाड. आ-आज क-कोथिंबीर..." आणि तिथं ते अडकले. 'क'वर. मानेची शीर ताणली. गल्लीतून कुणी टेम्पो मागं घेत होता, त्याचा आवाज आला. संघपालच्या कानात त्या अडकलेल्या अक्षराचा प्रत्येक धक्का येत होता, ओठांची उघडझाप, मग एक मोठा श्वास. त्यानं चौदा वर्षांत कुणाचं बोलणं इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. तो हलला नाही. "...को-कोथिंबीर बारा रुपये जुडी गेली," नारायणरावांनी पूर्ण केलं.

सुचितानं ते लगेच लावून दाखवलं. नारायणराव पुढं वाकून बघत राहिले. स्वतःला बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"म-मी असा दिसतो?"

"हो काका."

त्यांनी पुन्हा एकदा लावायला लावलं. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाले, "मले वाटे, य-याच्याहून ख-खराब दिसत असन."

कॅमेरा त्या दिवशी घेतला गेला. दोन चांगली कार्डं आणि हेडफोन धरून वहीतल्या आकड्याच्या आतच बसला. परतीच्या गाडीत संघपालनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. गोपालचाच घ्यायला हवा होता का, हे तीनदा मनात येऊन गेलं. नारायणराव खिडकीला डोकं टेकून झोपले होते.

योगिनीच्या लग्नाची सीडी ऑगस्टमध्ये धाडला पोचली. निळा पडदा त्यानं काढून टाकला होता. तिथं सोळा मोबाईल धुंडाळून मिळालेलं पहिलं कडवं आणि शेवटच्या दोन ओळी घातल्या, रडणाऱ्या लेकरासकट, चपलांसकट. मधल्या कडव्यांचे शब्द नारायणरावांकडून लिहून घेऊन पडद्यावर नुसते दाखवले. पुन्हा गाता का, असं त्यानं एकदा विचारलं होतं. नारायणरावांनी मान हलवली होती. नाही. मंजुळाबाईंनी सीडी घेतली, पण त्या अजून त्याच्याशी तुटकच बोलायच्या. अर्पितानं सांगितलं, की आई ती रोज लावते आणि बापाचं कडवं आलं की उठून टीव्हीजवळ जाऊन बसते.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. नवरदेवाकडचे म्हणायचं ते म्हणालेच. दोन ठिकाणी लोकांनी गोपालला बोलावलं, त्याला नाही. उरलेल्या ठिकाणी तो मांडवात तसाच उभा राहायचा, फक्त आता कानाला हेडफोन असायचा आणि नजर मिनिटामिनिटाला दोन कार्डांच्या दोन लाल दिव्यांकडं जायची.

डिसेंबरात उंद्रीतच पंजाबराव वाकोड्यांच्या मुलाचं लग्न होतं. विधी होऊन पहिली पंगत बसली, तेव्हा संघपालनं मागं जाऊन आवाज तपासला. साउंडवाल्याकडून येणारी वायर चार मिनिटं निघून आली होती. त्रिशरण-पंचशील होतं, पुढं भन्तेजींचा आशीर्वाद सुरू झाला होता, आणि मध्येच आवाज पडला होता. कॅमेऱ्यावरचा माईक होता म्हणून काही आलं होतं, पण लांबून, पुसट; मांडवातल्या गलबल्यात हेडफोनमधून तेव्हा फरक कळला नव्हता.

त्याचे पाय आपोआप मोटारसायकलकडं वळले. चावी हातात आली. घरी जाऊन आवाज वाढवून बघू, होईल काहीतरी, असं मनात आलं. तो तिथं उभा राहिला. मग चावी खिशात टाकून वळला आणि पंजाबराव भाजीची बादली घेऊन वाढत होते तिथं गेला.

"भाऊ, चार मिनिटाचा आवाज गेला. भन्तेजींचा आशीर्वाद. चूक माही हाय, वायर म्या नीट लावली नाही."

पंजाबराव बादली घेऊन थांबले. कपाळाला आठी पडली. 

"आता लोक जेवूनच राह्यले," संघपाल घाईनं म्हणाला. "घरी गेले का डिलीट करतीन. कोनाच्या मोबाईलमध्ये असन तर आत्ताच घेतो."

पंजाबरावांनी बादली शेजारच्याकडं दिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून पंगतीवर ओरडले, "ए! भन्तेजींचं कोनी मोबाईलवर घेतलं का? हात वर करा!"

पंगतीत आधी कुणीच हलेना. मग जिलबीनं चिकट झालेला एक हात वर झाला. मग दुसऱ्या रांगेतून आणखी दोन. संघपाल मोबाईलमधलं कार्ड वाचायचं यंत्र खिशातून काढत, पत्रावळींच्या मधून, पाय चुकवत चुकवत त्यांच्याकडं निघाला.